मुद्दामची चूक

माझे सासरे वर्गात मुद्दाम चुका करतात आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळतो, असं मी लग्नानंतर आईला सांगितलं, तेव्हा तिला वाटलं की मी सासरची थट्टा करतेय. थट्टा तर होतीच, पण त्यात खोटं काही नव्हतं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, धर्मशास्त्राच्या एका छोट्या विद्यालयात प्राचीन हिब्रू भाषा आणि त्या भाषेतल्या जुन्या पवित्र कथा शिकवायचे. विद्यार्थी एका टेबलाभोवती मावतील एवढेच. ते सगळे बाबांना पाठीमागे ‘आरसे सर’ म्हणायचे, आणि बाबांना हे माहीत होतं. टोपणनाव आवडलं नाही असं दाखवायचे, पण घरी येऊन चारदा सांगायचे, म्हणजे आवडलंच होतं.

आरशाचं प्रकरण असं, की ते जुने हिब्रू कथेकरी गोष्ट सरळ रेषेत सांगत नसत. जिना चढावा तशी गोष्ट चढवत न्यायची, वर एका जागी थांबायचं आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचं. पहिल्या पायरीला शेवटची पायरी जुळते, दुसरीला शेवटून दुसरी, असं करत करत मधोमध एकच वाक्य उरतं, ज्याला जोडी नाही. बाबांचं म्हणणं, सगळी गोष्ट त्या एका वाक्यासाठी सांगितलेली असते. आपण शेवटाकडे डोळे लावून बसतो आणि कथेकऱ्यानं गाभा मधे ठेवून दिलेला असतो.

यासाठी त्यांची आवडती गोष्ट म्हणजे जलप्रलयाची. ही गोष्ट ते हातांच्या बोटांवर शिकवायचे. डाव्या हाताची करंगळी म्हणजे पाऊस येण्याआधीचे सात दिवस. शेजारचं बोट म्हणजे पुन्हा सात दिवस, नोहानं घरच्यांना आणि जनावरांना घेऊन तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, शिरून वाट पाहण्याचे. मधलं बोट म्हणजे पावसाचे चाळीस दिवस, ज्यात तारू जमिनीवरून उचललं जातं. तर्जनी म्हणजे दीडशे दिवस, पाणी चढतंय, डोंगरही बुडालेत. मग उजवा हात. तर्जनीवर दीडशे दिवसांनी पाणी ओसरायला लागतं. मधल्या बोटावर चाळीस दिवस थांबून नोहा खिडकी उघडतो. पुढच्या बोटावर सात दिवस, कबुतर हिरवं पान घेऊन येतं. करंगळीवर आणखी सात, आणि या वेळी कबुतर परत येत नाही, कारण त्याला बसायला जमीन मिळालेली असते. दोन्ही हात समोर धरले की उरतात दोन अंगठे, एकमेकांना टेकलेले. तो मध्य. तिथे फक्त एवढंच आहे, की देवाला नोहाची आठवण झाली.

मी औषधाच्या दुकानात काम करते. मला गोळ्या सकाळी किती आणि संध्याकाळी किती एवढंच कळतं. पण ही बोटांची गोष्ट मला पहिल्याच दिवशी पाठ झाली. त्या लोकांकडे वाचायला काही नव्हतं, ते कानानं ऐकायचे, म्हणून गोष्टीची रचनाच अशी करायची की अर्धी आठवली तर उरलेली अर्धी आपोआप आठवावी, हे बाबांनी मला भांडी विसळता विसळता सांगितलं होतं. मी विसळत होते, ते सांगत होते. सासऱ्यांनी सुनेच्या कामात मदत करावी अशी त्यांची फार इच्छा असायची, ती तोंडानं पूर्ण व्हायची.

आता चुकांबद्दल. बाबा गोष्ट सांगताना एखादी पायरी गाळायचे किंवा दोन पायऱ्यांची अदलाबदल करायचे. ज्याच्या लक्षात येईल त्यानं ओरडायचं, ‘सर, पायरी!’ ही त्यांची शिकवण्याची रीत. त्यांच्या मते विद्यार्थी लिहून घ्यायला लागला की त्याचे कान बंद होतात. कान उघडे ठेवायचे असतील तर शिक्षकावर विश्वास ठेवता कामा नये. वर्षानुवर्षं त्यांनी मुलांना हेच शिकवलं, की माझ्यावर विश्वास ठेवू नका, माझं ऐका. आणि मुलांनीही ते मनावर घेतलं.

घरीही आरसा सुटत नव्हता. बाजारात जाताना जी दुकानं लागली तीच परत येताना उलट क्रमानं लागतात, हे त्यांनी मला एकदा इतक्या कौतुकानं दाखवलं की मला राहवेना. मी म्हटलं, “अहो बाबा, याला घरी परत येणं म्हणतात.” ते रस्त्यात थांबून हसले. मग मी दिवसभरात काय केलं ते सांगायला लागले की विचारायचे, “आणि मध्य काय?” मी सांगायचे, “मध्य म्हणजे डबा खाल्ला.” सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. त्यामुळे बाबांची चेष्टा करायचं काम घरात कुणीतरी सांभाळायला हवंच होतं, ते मी घेतलं.

विद्यालयात इतिहास शिकवणारे एक सर होते. ते म्हणायचे, आरसा हवा म्हटलं की कुठेही दिसतो, फक्त न जुळणारी वाक्यं सोडून द्यायची. शिवाय प्रलयाच्या गोष्टीत सुरुवातीचे दोन सात म्हणजे एकच आठवडा दोनदा मोजलाय, हेही त्यांनीच काढलं. बाबा इतके चिडले की त्यांच्याशी बोलणंच टाकलं. मग एके दिवशी जेवताना आपणहून म्हणाले, “तो म्हणतो त्यात तथ्य आहे. आठवडा एकच आहे. पण कथेकऱ्यानं तो दोनदा का सांगितला? शेवटच्या दोन सातांना त्याला जोडी हवी होती, म्हणून! म्हणजे मीच बरोबर.” माझ्या नवऱ्यानं डोक्याला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी बाबा इतिहासवाल्या सरांकडे गेले आणि चूक कबूल करून आले. हा माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. हे सांगायचं कारण पुढे येईल.

निवृत्तीनंतर विद्यालयानं त्यांना आठवड्यातून एक वर्ग ठेवू दिला, गुरुवारचा. दुकानाची माझी सुट्टीही गुरुवारी. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना बसनं एकटं सोडायला नको म्हणून मी सोबत जायला लागले, आणि डोळे बरे झाले तरी जात राहिले. मागच्या बाकावर बसून मी उसवलेले कपडे शिवायचे. वर्गाची खोली म्हणजे ग्रंथालयाचाच एक कोपरा. लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, आणि एक फळा, ज्यावर बाबा कधीच काही लिहीत नसत.

त्या गुरुवारी प्रलयाचीच गोष्ट चालली होती. बाबा उजव्या हातावर आले होते. पाणी ओसरत होतं, डोंगरांची टोकं दिसली होती. उजव्या हाताचं मधलं बोट धरून ते म्हणाले, “मग चाळीस दिवस,” आणि पुढे नोहानं खिडकी उघडायची, तर ते म्हणाले, “चाळीस दिवस पाऊस कोसळला आणि तारू वर उचललं गेलं.” हात डावीकडे गेला. ते पुन्हा चढायला लागले. उतरत आलेलं पाणी परत चढलं.

“सर, पायरी!” चष्मा लावणारी एक विद्यार्थिनी होती, तिनं टेबलावर थाप मारली. सगळे हसले. बाबा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग तेही हसले आणि म्हणाले, “पकडलीत म्हणायची.”

माझी सुई तिथेच थांबली. बाबांना मुद्दाम चूक करताना मी इतक्यांदा पाहिलं होतं, की चूक यायच्या आधीच मला कळायची. भुवया वर जायच्या आणि ते खिडकीबाहेर बघायचे, बरणीतला लाडू चोरणाऱ्या पोरासारखे. आज त्यांनी खिडकीकडे पाहिलंच नव्हतं. दोन्ही हातांवर चाळीस सारखेच, बोलही जवळपास सारखे, त्या जागी जीभ सहज उलटी वळू शकते, एवढं मलाही समजत होतं. पण उलटी वळल्याचं त्यांना समजलं नव्हतं, हे त्याहून वाईट होतं.

बसमध्ये मी खडा टाकून पाहिला. “आजची चूक छान काढलीत.”

“कुठली गं?” बाबा म्हणाले.

घरी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “वय झालंय त्यांचं. तू उगाच राईचा पर्वत करू नकोस.” मी केला नाही. मी फक्त बघत राहिले. पुढच्या काही महिन्यांत वर्गात आणखी चुका झाल्या, आणि प्रत्येक वेळी ‘सर, पायरी!’ झालं, प्रत्येक वेळी टाळ्या. विद्यार्थ्यांना वाटायचं, सर म्हातारपणी जास्तच रंगात आलेत. दुसऱ्या कुठल्याही मास्तरांचा विसर पहिल्या दिवशी उघडा पडला असता. यांच्या बाबतीत मात्र जितकी चूक मोठी तितकं कौतुक मोठं. मला हसावं की रडावं कळत नव्हतं, आणि मी मागे बसून बटणं लावत होते.

शेवटी घरातच फटका बसला. एका सकाळी बाबांनी मला विचारलं, “तुझ्या सासूबाई अजून उठल्या नाहीत का?” नवरा दाढी करत होता. तो तसाच, गालाला फेस लावून बाहेर आला. त्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि शांत. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. बाबांनी केलं. वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. अहो, या माणसाचा सगळा जन्म गोष्टी उलट्या म्हणण्यात गेलेला! त्यांनी महिने धडधडा उलटे म्हटले आणि वर विचारलं, “मध्य सांगू का?” बाई हसल्या. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, मी सांगत नव्हतो? त्याचा उतरलेला चेहरा परत जागेवर आला.

मग बाईंनी विचारलं, “मघाशी मी तुम्हाला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. ते कुठले?”

बाबा म्हणाले, “कुठले तीन शब्द?”

बाईंनी हसणं थांबवलं. पुढे तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो निघाले. पुन्हा बोलावलं तेव्हा त्यांनी बाबांना समोर बसवून, त्यांच्याशीच बोलून, सगळं सांगितलं. आमच्याकडे बघून सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, हा विसर पडण्याचा आजार आहे, तो हळूहळू वाढत जाईल.

बाबांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. “म्हणजे चढतच जाणार. उतरण नाही.”

“औषधांनी वेग थोडा कमी होतो.”

“मी वेगाचं विचारत नाहीये, डॉक्टर. उतरण आहे की नाही?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

घरी येऊन दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, की तो प्राचार्यांना फोन करतो आणि वर्ग बंद करायला सांगतो. साधी गोष्ट. कारण प्रकृतीचं द्यायचं, कुणाला तपशील कळायची गरज नाही, अब्रूही झाकली राहील.

बाबा इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. “माझी अब्रू झाकणारा तू कोण? मी त्या पोरांना जन्मभर सांगितलं की शिक्षकाची चूक पकडा. आता खरी चूक झालीय तर ती लपवू? गुडघे दुखतात म्हणून सांगू?”

“मग काय करायचं म्हणता?”

“मी सांगेन. माझ्या वर्गात, माझ्या तोंडानं. मी खरंच चुकतोय आणि म्हणून थांबतोय, एवढंच.”

“बाबा, तुमच्या लक्षात राहिलं पाहिजे ना ते,” नवरा म्हणाला. बोलून गेला आणि त्याचाच चेहरा पडला. बाबा खुर्चीत बसले आणि खूप वेळ स्वतःची बोटं चोळत राहिले. मला त्या वेळी नवऱ्याचा इतका राग आला, आणि तितकंच हेही दिसत होतं की तो बरोबर बोललाय.

शेवटी असं ठरलं, की सत्र संपेपर्यंत बाबांना वेळ द्यायचा. तोवर त्यांनी सांगितलं तर ठीक, नाहीतर नवरा फोन करणार. म्हणजे प्रश्न एवढाच उरला होता, की सांगायचंय हे विसरायच्या आत बाबा सांगतात का. एवढ्याशा गोष्टीवर माझा जीव टांगणीला लागला होता.

पुढच्या गुरुवारी बाबा घरून ठरवून निघाले. बसमध्ये वाक्यं घोळवत होते, “मुलांनो, मला तुम्हाला काही सांगायचंय.” वर्गात गेले आणि दोन भावांची गोष्ट घेतली. धाकटा भाऊ आंधळ्या बापाला फसवून थोरल्याचा आशीर्वाद पळवतो, परागंदा होतो, परक्या घरी वर्षं काढतो, आणि जिन्याची उतरण म्हणजे तो परत येऊन थोरल्याच्या पाया पडतो. बाबा असे बोलले, असे बोलले, की मी सुई-दोरा बाजूला ठेवून दिला. एक पायरी चुकली नाही. खिडकीकडे बघून एक मुद्दामची चूक केली, ती कुणालाच सापडली नाही, त्यावर ते पोटभर हसले. आणि जे सांगायचं ते राहून गेलं. बसमध्ये ते खिडकीपाशी आनंदात बसले होते. मला त्यांना आठवण करून देववेना.

रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणाला, “तू होतीस ना तिथे? तू का नाही आठवण करून दिलीस?”

“तुझ्यासमोर तुझे बाबा इतके छान बोलत असते तर तू मधे उठला असतास?”

तो ताट घेऊन उठला. पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

मधल्या दिवसांत बाबांची तब्येत खालावली. एकदा ते माझ्यावर चिडले, की परक्या बाईनं त्यांच्या स्वयंपाकघरात यायचं काय कारण. मी परकी नाही हे मी हळू आवाजात तीनदा सांगितलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. थोड्या वेळानं त्यांनी दार वाजवलं. “सूनबाई, मी काहीतरी वाईट बोललो का?” मी म्हटलं, “नाही बाबा.” ते म्हणाले, “खोटं बोलू नकोस. मला आठवत नसलं तरी तुझे डोळे दिसतात.”

मग तिथेच, बाथरूमच्या दारात, त्यांनी मला सांगितलं, “हे बघ. वर्गात सांगायचंय हे मला घरी सांगू नकोस, बसमध्येही नको. रस्त्यात सांडतं. वर्गाच्या दारात सांग. आत जायच्या आधी.”

सत्रातल्या शेवटच्या गुरुवारी मी तसंच केलं. दारात त्यांचा सदरा नीट केला आणि म्हटलं, “बाबा, आज त्यांना सांगायचंय.” त्यांनी मान हलवली. “आधी गोष्ट,” म्हणाले, “मग सांगतो. गोष्टीशिवाय मला सुरुवात करता येत नाही.”

त्यांनी प्रलय घेतला. मला वाटलं, आता ही का घेतली, आज दुसरी कुठलीही चालली असती. डाव्या हातावर ते व्यवस्थित चढले. सात, सात, चाळीस, दीडशे. डोंगर बुडाले. दोन्ही अंगठे जुळवून ते थांबले.

“इथे नोहा काय करतो?” त्यांनी विचारलं.

कुणी म्हणालं, प्रार्थना करतो. कुणी म्हणालं, रडतो.

“काहीच करत नाही. नीट ऐका. या गोष्टीत बाहेर येईपर्यंत तो एक शब्द बोलत नाही. त्याला काही सुचलेलंही नाही आणि काही आठवलेलंही नाही. तो नुसता आत बसलाय, आणि आठवण दुसऱ्याला झालीय. सगळा जिना या एका गोष्टीवर उभा आहे, की आठवण ठेवायचं काम आतल्या माणसाचं नाही.”

 मी इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली, पण ते असं कधी बोलले नव्हते.

मग ते उजव्या हातावर आले. दीडशे, पाणी ओसरलं. मधलं बोट धरलं. “मग चाळीस दिवस,” ते म्हणाले, आणि मी मनात म्हटलं, खिडकी, बाबा, खिडकी. “चाळीस दिवस पाऊस कोसळला,” ते म्हणाले. हात डावीकडे गेला. पाणी चढलं. डोंगर बुडाले. अंगठे जुळले, पुन्हा उजवा हात, पुन्हा मधलं बोट, आणि पुन्हा पाऊस.

“सर, पायरी!” चष्मेवाली ओरडली. “दोनदा!” सगळ्यांनी टेबल वाजवलं.

बाबा थांबले. हात खाली घेतले. “ही मुद्दामची नव्हती,” ते म्हणाले.

हशा झाला.

“मागेही बऱ्याच मुद्दामच्या नव्हत्या. मला आजार झालाय, मुलांनो. मला विसर पडायला लागलाय. म्हणून हा वर्ग मी आज थांबवतोय.”

 सांगितलं त्यांनी. स्वतःच्या तोंडानं, न अडखळता.

आणि चष्मेवालीनं टाळ्या वाजवल्या. “सर, कमाल! दुहेरी सापळा! आधी चूक करायची आणि मग ती खरी आहे म्हणून आम्हाला शेंडी लावायची!” शेजारचा उंच विद्यार्थी म्हणाला, “नाही सर, आम्ही फसणार नाही. तुम्हीच शिकवलंय, तुमच्यावर विश्वास ठेवायचा नाही.” सगळे खिदळले. त्यांचा काही दोष नव्हता. ते चांगले विद्यार्थी होते, सरांनी जे शिकवलं तेच करत होते.

“मी खरं सांगतोय,” बाबा म्हणाले. हसणं आणखी वाढलं.

बाबा टेबलाभोवतीच्या एकेका चेहऱ्याकडे बघत गेले. मला त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं वाटलं असतं. पण तिथे राग नव्हता, गोंधळ होता. इतके जण इतक्या खात्रीनं हसताहेत म्हणजे तेच बरोबर असतील, असं हळूहळू त्यांना पटायला लागलं होतं. तेही जरासे हसले. मग त्यांनी त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून मागच्या बाकाकडे पाहिलं.

“सूनबाई,” त्यांनी विचारलं, “मुद्दाम होती का गं ती?”

सगळे मागे वळले. माझ्या मांडीवर नवऱ्याचा शर्ट होता, सुई त्यात तशीच अडकलेली. मी ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं किती सोपं होतं. मुलं टाळ्या वाजवत घरी गेली असती. बाबा बसमध्ये आनंदात बसले असते. उद्या नवऱ्यानं फोन केला असता, प्रकृतीचं कारण सांगितलं असतं, आणि आरसे सर शेवटपर्यंत हुशार राहिले असते. माझ्या जिभेवर ‘हो’ अगदी आलं होतं. या माणसाला दुखवायला मला नको होतं. जगात मला सगळ्यात नको असलेली गोष्ट तीच होती.

पण त्यांनी मला विचारलं होतं, आणि माझ्याशिवाय खरं सांगणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

मी उभी राहिले. “नाही, बाबा,” मी म्हटलं. “मुद्दाम नव्हती.”

 चष्मेवालीचा हात टाळी वाजवायच्या बेतात वर गेलेला, तो तसाच राहिला. उंच मुलानं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. मला वाटलं, बाबा आता कोसळतील, किंवा मला ओरडतील.

ते सरळ उभे राहिले. वर्गाकडे बघून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“शाबास,” ते म्हणाले. “असं ऐकायचं असतं.”

त्यांच्या वर्गातली ती शेवटची शाबासकी. ती मला मिळाली, आणि मला ती नको होती.